रिकाम्या गाण्यातली बाई

झरीच्या तात्याराव गायकाचा आवाज गायब झाला तो भर लग्नात, दिवसाढवळ्या, तीन-चारशे माणसांच्या देखत.

पंच्याहत्तर सालचा फेब्रुवारी होता. बौद्धवाड्यातलं लग्न लागून गेलं होतं, पंगत बसली होती आणि लिंबाच्या झाडाला बांधलेल्या दोन कर्ण्यांतून तात्यारावचंच गाणं चाललं होतं, ‘बाबांनी दिली पाटी, उजळली आमची वाट’. तात्याराव मांडवाच्या मधोमध बसला होता. जेवण कधीच झालं होतं, पण उठावंसं वाटत नव्हतं. आपलं गाणं वर वाजतंय आणि आपण खाली निवांत पान खातोय, हे सुख त्याला बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदाच मिळत होतं. येणाराजाणारा ‘जय भीम’ घालायचा आणि कर्ण्याकडं बोट करून ‘तुमीच ना?’ म्हणायचा. तात्याराव मान हलवायचा, त्यात काय एवढं, अशा थाटात.

गाणं संपलं. झाडाखाली यंत्र मांडून बसलेल्या लिंबाजीनं टेप मागं गुंडाळली आणि तेच गाणं परत लावलं. तात्याराव मनातून खूश झाला. दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी त्याचा आवाज गेला.

त्याला वाटलं, बॅटरी उतरली. पण बॅटरी उतरली असती तर ढोलकीही गेली असती. ढोलकी होती, आणि मघापेक्षा दुप्पट अंगानं होती. ढोलकीवाल्या पंडितच्या डाव्या हाताची थाप कानात न शिरता थेट पोटात येऊन बसत होती. पेटी मधूनच यायची, दोन सूर टाकून निघून जायची. मग कुठूनतरी खोलातून तात्यारावचा एकच शब्द वर आला, ‘वाट’, आणि ‘वाट… वाट…’ करत लांब जात जात विरून गेला, विहिरीत हाक मारल्यासारखा. चार कडव्यांच्या गाण्यात त्याचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेत एक बाई गाऊ लागली.

तिला सबंध ओळ नव्हतीच. ओळीचा शेवटचा शब्द ती उचलायची, खाली न्यायची, त्याला एक सावकाश वळसा द्यायची आणि ढोलकीची पुढची थाप पडायच्या आत अलगद सोडून द्यायची. पुन्हा ढोलकी. पुन्हा ती. पंगतीत वाढणारे वरणाच्या बादल्या हातात धरून उभे राहिले. एक म्हातारा घास तोंडाशी नेऊन तसाच थांबला. गाणं संपलं आणि मांडवात एकदम गलका झाला.

“पुन्हा लाव रे लिंबाजी! ते रिकामं गाणं लाव!”

रिकामं गाणं! तात्यारावच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. वीस वर्षं घसा फोडून मिळवलेलं नाव, आणि त्याला वजा केल्यावर जे उरलं ते लोकांना पुन्हा पाहिजे होतं. त्याला तिथल्या तिथं उठून त्या दोन्ही कर्ण्यांना धोंडे मारावेसे वाटले. मारले नाहीत, कारण शेजारी दिनकरराव मास्तर येऊन बसले. हे नवऱ्याकडचे, जिंतूर तालुक्यातल्या बोरीचे, तिथल्या जयंती कमिटीचे अध्यक्ष. जयंतीला कुणाला बोलवायचं ते यांच्या हातात.

“तात्याराव,” मास्तर म्हणाले, “ही बाई कोण हो?”

ती बाई कोण, हे तात्यारावला पहिल्याच वळशाला कळलं होतं. ती सत्यशीला होती, त्याची बायको. वीस वर्षं त्याच्या मागं बसून टाळ्या वाजवत कोरस धरणारी. आता नुसतं नाव सांगायचं. एवढंसं काम. पण तात्यारावच्या तोंडातून शब्द निघाले ते असे:

“ती व्हय? ती नांदेडकडची हाय एक.”

मास्तरांनी मान डोलावली आणि म्हणाले, “कमाल हाय बुवा बाईची.”

*

हे झालं कसं, तर स्वतः तात्याराव पायानं चालत जाऊन त्यात पडला होता.

पूर्ण्याला लिंबाजी म्हणून रेल्वेत वायरमन होता. अंगानं काडी, बोलायला महाग. सुट्टीच्या दिवशी रेडिओ दुरुस्त करायचा, लग्नाकार्यात कर्णे लावायचा. एका गार्डाकडून त्यानं जुनं मोठ्या चकत्यांचं टेपरेकॉर्डर घेतलं होतं आणि उघडून, जोडून, पुन्हा उघडून त्याचं काहीतरी भलतंच करून ठेवलं होतं. त्या यंत्रात एकाच टेपवर दोन वाटा होत्या. एका वाटेवर एका माइकचं, दुसऱ्या वाटेवर दुसऱ्याचं. वाजवताना कुठली वाट किती सोडायची, ते लिंबाजीच्या बोटांत.

“फुकट गाणं भरून देतो, पार्टी घेऊन या,” असा त्याचा निरोप आला तेव्हा तात्याराव हुरळला. शाळेत शिपाई होता तो. दोन दिवसांची रजा टाकली आणि पार्टी घेऊन पूर्ण्याला गेला. पार्टी म्हणजे ढोलकीला पंडित, पेटी, आणि कोरसला सत्यशीला. लिंबाजीनं त्यांना गावाबाहेर एका पडीक आवारात नेलं. तिथं जमिनीत एक जुनं पेव होतं, ज्वारी साठवायचं. बाहत्तरच्या दुष्काळात रिकामं झालं ते पुन्हा भरलंच नव्हतं. लिंबाजीनं त्याचं तोंड आदल्या दिवशीच उघडून ठेवलं होतं. आता त्यानं दोरीला कर्णा बांधला आणि पोहरा सोडावा तसा पेवात सोडला.

“हे कशाला?” तात्यारावनं विचारलं.

“आवाज खाली जाऊन येऊ द्या जरा,” लिंबाजी म्हणाला. वर पेवाच्या तोंडाशी त्यानं एक माइक लोंबकळत ठेवला. गायलेला शब्द कर्ण्यातून पेवात उतरायचा, आत चार भिंतींना लागून फिरायचा आणि मग वर यायचा.

तात्यारावला त्यानं एकट्याला पुढं उभं केलं. बाकीच्यांना दहा हात मागं, दुसऱ्या माइकपुढं. मग सत्यशीलाकडं बघून म्हणाला, “वैनी, तुमी जरा जवळ या. अजून. लाजू नका, हे काही चावत न्हाई.”

सत्यशीला पदर सावरत माइकजवळ सरकली. तात्यारावनं तिकडं पाहिलंही नाही. त्याला कशाची फिकीर? पुढचा माइक त्याचा होता.

*

बायांच्या पंगतीत बसून सत्यशीलेनंही ते ऐकलं होतं. लग्नाहून घरी आल्यावर तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला आणि विचारलं, “ती बाई कोण म्हणायची?”

तात्यारावला आधी वाटलं, ही थट्टा करायलीय. त्यानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. थट्टा नव्हती. आणि मग त्याच्या ध्यानात आलं की हिनं जन्मात कधी आपला आवाज बाहेरून ऐकलाच नाही. पूर्ण्याला लिंबाजीनं भरलेली टेप ऐकवली नव्हती. बॅटरी संपत आली म्हणून तसंच आटोपलं होतं. आपला आवाज आपल्या हाडांतून ऐकायची सवय. कर्ण्यातून, त्यातून पेवात बुडवून काढलेला तो ओळखावा कसा? तात्यारावनं स्वतःचा ओळखला होता तो शब्दांमुळं.

इथं तो खरं बोलला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण दुपारचा तो गलका अजून त्याच्या कानात होता.

“लिंबाजीनं घातलीय,” तो म्हणाला. “नांदेडकडची.”

“पण भरताना तर मी होते.”

“तू होतीस. मागून त्यानं तुझा काढला अन् तिचा घातला. मशीनमंदी काय बी करता येतं.”

सत्यशीला उभी होती ती खाली बसली.

“माझा काढून टाकला?”

“काढला असंल. त्याला काय पटलं न्हाई, मला काय म्हाईत.”

तिनं तांब्या उगाच जरा सरकवला. मग म्हणाली, “पण ती बाई वळण माझंच घ्यायलीय, अहो. तो शब्द खाली न्यायचा न् सोडायचा, ते माझ्या मायचं हाय. मायकडून मी घेतलं. ह्या बाईला कुणी शिकवलं? माझं ऐकून तिला शिकवलं असंल.” आणि थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत: “अन् गळा मातर तिचा गोड हाय. माझ्यापरीस लय गोड हाय.”

तात्यारावला वाईट वाटलं का? वाटलं, थोडं. पण त्याहून जास्त त्याला हायसं वाटलं. कारण ती सत्यशीला आहे हे लोकांना कळलं नाही, आणि सत्यशीलेलाही नाही, तर मग ती नाहीच. माणूस स्वतःला असं काही पटवू लागला की त्याला थांबवणार कोण?

पण मत्सर एकदा घरात घेतला की तो एकाच्या ताटात जेवत नाही. आता सत्यशीलाही जळू लागली. नदीवर, दळणाला, जिथं जावं तिथं बाया त्या बाईचंच कौतुक करायच्या. लिंबाजीचे कर्णे झरीपासून पार जिंतूरपर्यंत फिरत होते आणि जिथं जातील तिथं आधी भरलेलं गाणं, मग रिकामं गाणं, हा रिवाजच पडून गेला होता. सत्यशीला घरी यायची आणि भांडी आपटायची.

“दिसायला कशी हाय?”

“कोण?”

“ती तुमची नांदेडची.”

“माझी कशाला? मी बघितली बी न्हाई तिला.”

“न बघताच तिचं नाव घेतल्यावर तुमचं तोंड उतरतंय व्हय?”

तोंड उतरत होतं ते खरंच होतं. पंडित ढोलकीवाला एकदा भीत भीत म्हणाला, “तात्या, मला तर तो आवाज वैनीसारखाच वाटतो.” तात्याराव त्याच्यावर एवढा खेकसला की पंडितनं पुन्हा तो विषय काढला नाही. आणि सत्यशीलेनं त्या लग्नापासून गाणं सोडलं. तात्याराव सरावाला बसला की ती उठून मागच्या दारी जायची.

*

मार्चमध्ये तात्याराव पूर्ण्याला जाऊन धडकला. लिंबाजी क्वार्टरच्या पडवीत यंत्राचं पोट उघडून बसला होता.

“ते रिकामं गाणं पुसून टाक,” तात्याराव उभ्याउभ्याच म्हणाला.

लिंबाजीनं बसायला गोणपाट सरकवलं. “कामून?”

“कामून म्हणून काय इचारतोस? गाणं माझं, पार्टी माझी, अन् तू मलाच काढून टाकलास!”

“काढलं न्हाई, तात्या. थोडं गप केलं.” लिंबाजीनं तारेचं टोक फुंकलं. “समदे एकदम बोलायले की कोण काय म्हणालं ते कळत न्हाई. तुमचा गळा मोठा हाय. तुमी गायलात की बाकीचं समदं बुजून जातं. मला बघायचं हुतं, खाली काय काय हाय.”

“अन् काय सापडलं?”

“तुमाला ठावं न्हाई व्हय?” लिंबाजीनं पहिल्यांदाच मान वर केली. “वैनीचं लोक लय विचारायलेत. मी नाव सांगत न्हाई. दुसऱ्याच्या घरातल्या बाईचं नाव मी कर्ण्यावर कशाला घेऊ? ते तुमी घ्यायचं.”

तात्याराव गोणपाटावर टेकला. लिंबाजीनं चकत्या चढवल्या आणि पुढची वाट बंद करून मागची तेवढी सोडली. ढोलकी आली, सत्यशीला आली. आणि त्या दोघांच्या पाठीमागं, शेजारच्या घरात कुणीतरी भांडतंय असा एक बारीक आवाज ऐकू येऊ लागला.

“हा कोण?”

“तुमीच,” लिंबाजी म्हणाला. “मागच्या माइकात सांडलात थोडे. ते काही केल्या निघत न्हाई.”

सांडलात! तात्याराव ताडकन उठला. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला होता. या काडीएवढ्या वायरमनसाठी तो सांडलेलं पाणी होता आणि त्याची बायको, जिला वीस वर्षांत कोणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं, ती मुद्दाम भरून ठेवायची चीज होती. टेप पुसायचं राहूनच गेलं. चहाही न घेता तो स्टेशनावर आला.

*

बोरीचं निमंत्रण आलं ते दिनकरराव मास्तरांच्या हातच्या पत्रानं. गावोगावच्या पार्ट्यांना सोयीचं व्हावं म्हणून बोरीवाले जयंती चौदाला न करता वीस एप्रिलला, रविवारी करणार होते. मिरवणुकीनंतर, ऊन उतरल्यावर तात्यारावांचं गायन. लाउडस्पीकर लिंबाजीचा. आणि शेवटी एक ओळ: ‘त्या नांदेडच्या ताईंनाही सोबत आणावे, लोकांची फार इच्छा आहे.’

तात्यारावनं ती ओळ तीनदा वाचली. बोरीला दरवर्षी तोच जात आला होता. बोरीचं बोलावणं म्हणजे त्याच्या गाण्याची वर्षाची पावती. पुढच्या वर्षी हे बोलावणं त्याला येणार की त्या बाईला, हे आता बोरीतच ठरणार होतं. त्यानं सत्यशीलेला हाक मारली.

“वीस तारखेला बोरीला जायचंय. लुगडं धुऊन ठेव.”

“मी येत न्हाई.”

“म्हंजे?”

“तिला न्या. लोकांला ती पाहिजे. माझा काढून तिचा घातला ना? मग मी मागं बसून टाळ्या कुटायला कशाला येऊ?” आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “वीस वर्षं तुमच्या मागं बसले. कधी म्हणले का, मला म्होरं बसवा? पण माझी जागा दुसरीला दिली ते मला सोसायचं न्हाई.”

आता तरी सांगायचं. ओठापर्यंत आलं होतं त्याच्या. पण त्याला बोरीचा मंडप दिसला, मधोमध बसलेली सत्यशीला दिसली आणि तिच्या मागं बसून टाळ्या वाजवणारा तात्याराव दिसला. त्यानं ओठ मिटून घेतले.

“तुझी मर्जी,” तो म्हणाला.

*

बोरीला मंडप गच्च भरला होता. पुढं बाया, मागं बापे, कडेला मिरवणुकीतून आलेली माणसं निळ्या टोप्यांनी वारा घेत होती. लिंबाजीनं माइक मांडले होते, एक पुढं, एक मागं, पूर्ण्यासारखेच.

“वैनी कुठंय?” त्यानं विचारलं.

“ताप हाय तिला.”

लिंबाजी पुन्हा तारा जोडू लागला. मास्तरांनीही बाईंची चौकशी केली, त्यांना तात्यारावनं सांगितलं, “तिला जमलं न्हाई यायला.” दोन माणसांना दोन कारणं सांगून तात्याराव स्टेजवर चढला.

पहिली तीन गाणी बरी गेली. तात्यारावचा गळा त्या दिवशी लागला होता, खोटं कशाला बोला. टाळ्या पडल्या. मग त्यानं ‘बाबांनी दिली पाटी’ म्हटलं आणि ते संपायच्या आत मागून ओरडा सुरू झाला.

“आता रिकामं! रिकामं गाणं होऊ द्या!”

लिंबाजी स्टेजजवळ आला. “तात्या, वैनी न्हाईत. तुमाला गप केल्यावर उरंल काय? न्हाई म्हणून सांगतो लोकांला.”

“कामून न्हाई?” तात्याराव म्हणाला. “कर. पुढचा माइक बंद कर. मी मागच्या माइकावर येतो. तिची जागा मीच भरतो.”

पंडितनं ढोलकीवरून मान वर केली.

तात्यारावचं म्हणणं साधं होतं. ते वळण म्हणजे काय मोठी विद्या आहे? आपल्याच गाण्याच्या शेपटाला दिलेला एक वळसा. वीस वर्षं ते पाठीमागं चाललं आहे, आणि महिन्या-दोन महिन्यांत कर्ण्यावर पंचवीस वेळा ऐकलं आहे. आज लोकांना दाखवून देऊ की त्या बाईवाचून काही अडत नाही.

पुढचा माइक बंद झाला. पंडितनं ढोलकी धरली. लिंबाजीनं ती हळूहळू एवढी मोठी केली की मंडपाचं कापड थरथरू लागलं. पेटी आली, गेली. माणसं पुढं झुकली. ओळ सरत आली, आणि ती जागा आली.

तात्यारावनं तोंड उघडलं.

त्याला ते येत नव्हतं.

शब्द खाली न्यायचा हे ठाऊक होतं, पण किती खाली? वळसा घ्यायचा, पण कुठून? सोडायचा कधी? वीस वर्षं ते त्याच्या पाठीला लागून चाललं होतं आणि त्यानं एकदाही ऐकलं नव्हतं. कर्ण्यावर पंचवीस वेळा ऐकलं तेव्हाही तो ऐकत होता ते आपलं नसणं. जागा निघून गेली. ढोलकी फिरून आली. पुन्हा जागा आली. या वेळी त्यानं काहीतरी म्हटलं, मोठ्यानं, आपल्या नेहमीच्या भरलेल्या गळ्यानं, आणि पुढच्या रांगेतल्या दोन बायांनी तोंडाला पदर लावला. हसू लपवायला.

“तात्या,” पंडित वाजवता वाजवता पुटपुटला, “हितं वैनी असत्यात.”

तिसऱ्या वेळी जागा आली तेव्हा कर्ण्यांतून सत्यशीला गायली. लिंबाजीला राहवलं नव्हतं. त्यानं टेप सोडली होती. पंडितनं मान तिरकी केली आणि ढोलकी तिच्या चालीशी आणून भिडवली. सगळा मंडप निश्चल झाला. हसणाऱ्या बायांपैकी एकीनं तोच पदर डोळ्यांना लावला. इतकं साधं होतं ते. एक शब्द हातात घ्यायचा, थोडा वेळ सांभाळायचा आणि ठेवून द्यायचा. तात्याराव स्टेजवर उभा राहून पहिल्यांदा ते ऐकत होता आणि त्याला तिचा हेवा वाटत होता, शिसारी येईल इतका हेवा. आणि त्याच वेळी हे थांबू नये असंही वाटत होतं.

टेप संपली तसे दिनकरराव मास्तर उठून उभे राहिले. “तात्याराव! आज त्या ताईंचं नाव सांगितल्याबिगर सोडायचं न्हाई!”

“नाव सांगा! नाव सांगा!” सगळ्या मंडपानं धरलं.

तात्याराव पुढच्या माइकपाशी गेला. घसा खाकरला आणि म्हणाला, “सत्यशीला. झरीची. माझी बायको हाय ती.”

कोणालाच ऐकू गेलं नाही. पुढचा माइक अजून बंदच होता आणि ‘नाव सांगा’चा गलका चालूच होता. लिंबाजी चकती उतरवण्यात गुंतला होता. त्याच्याकडं बघून नुसतं बोट वर केलं असतं तरी त्यानं बटण फिरवलं असतं. तात्यारावला ते कळत होतं. तो माइकपुढं तसाच उभा राहिला, दोन श्वास, तीन श्वास. बोट वर झालं नाही. मग त्यानं हात जोडून ‘जय भीम’ केला आणि खाली उतरला. लोकांना वाटलं, सांगायचं नसेल.

*

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं तो झरीला आला. सत्यशीला अंगणात खाटेवर धोतर अंथरून मुगाचे सांडगे घालत होती. तो तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता.

“ती बाई तूच हायस,” तो म्हणाला.

“कोणची?”

“टेपमधली. नांदेडची कुणी न्हाई. लिंबाजीनं कुणाचं काढलं न्हाई, कुणाचं घातलं न्हाई. तो आवाज तुझा हाय. मी खोटं बोललो.”

तिचा हात थांबला नाही. बोटांनी पीठ तोडत ती सांडगे मांडत राहिली, एकासारखा एक.

“बोरीला फजिती झाली म्हणायची तुमची,” ती म्हणाली. “कोरसबिगर अडलं. म्हणून आता मला चढवायलात.”

“फजिती झाली. पण चढवत न्हाई. आईच्यान सांगतो. सारी बोरी तुझं नाव इचारायली हुती.”

“मग सांगितलं का तुमी?”

तात्यारावनं मान खाली घातली. “सांगितलं,” तो म्हणाला. “पण माइक बंद हुता.”

सत्यशीलेनं पहिल्यांदाच त्याच्याकडं पाहिलं. ओशाळा होऊन खोटं बोलणाऱ्या माणसाकडं बघावं तसं पाहिलं, आणि तिच्या तोंडावर कीव आली.

“पूर्ण्याला चल,” तो काकुळतीला येऊन म्हणाला. “लिंबाजीला इचार. न्हाईतर हितंच म्हणून बघ, आत्ता. एकदा म्हण, मंग तुलाच कळंल.”

“कशाला उगं?” ती म्हणाली. रागावून नाही, हट्टाला पेटलेल्या माणसाची समजूत घालावी तशा सरळ आवाजात म्हणाली. “एवढा गोड गळा माझा असता, तर वीस वर्षांत तुमी एकदा तरी म्हणला असता की.”